‘सेफ टू होस्ट’ : एका वेब अर्जाच्या ऑडिटचे ७४ दिवस

वर्क ऑर्डरच्या अकराव्या पानावर एक ओळ होती: प्रणाली कार्यान्वित करण्यापूर्वी सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) पॅनेलवरील संस्थेकडून सुरक्षा लेखापरीक्षण करून प्रमाणपत्र सादर करावे, अन्यथा अंतिम देयक अदा केले जाणार नाही. काम होतं वसतिगृह प्रवेशाच्या ऑनलाइन अर्जाचं. पीएचपी (प्रोग्रॅमिंगची भाषा) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस), ४६ स्क्रीन, ११ एपीआय (प्रोग्रॅमने प्रोग्रॅमशी बोलायच्या जागा) आणि पाच प्रकारचे वापरकर्ते: विद्यार्थी, लिपिक, गृहपाल, जिल्हा कार्यालय, अ‍ॅडमिन. शेवटचा ३० टक्क्यांचा हप्ता त्या एका ओळीला टांगलेला. वेळापत्रकात ऑडिटसाठी तीन आठवडे धरले होते. २ जूनला कोटेशनसाठी पहिला मेल गेला, ‘सेफ टू होस्ट’ प्रमाणपत्र १४ ऑगस्टला हातात पडलं. मधल्या दिवसांत काय काय होतं ते क्रमाने लिहितोय. पहिल्यांदाच या वाटेला जाणाऱ्यांना निदान तारखांचा अंदाज येईल.

कोटेशन आणि करार (२ ते १७ जून)

पॅनेलवरच्या संस्थांची यादी सर्ट-इनच्या संकेतस्थळावर असते. त्यातल्या सहा जणांना मेल केला, चौघांनी उत्तर दिलं. उत्तर म्हणजे आधी एक प्रश्नावली: डायनॅमिक पानं किती, माहिती भरायचे फॉर्म किती, रोल (वापरकर्त्यांचे प्रकार) किती, एपीआय किती, पेमेंट गेटवे आहे का, सर्व्हर कुठे आहे. ही प्रश्नावली घाईत भरू नका. दर तिच्यावरच ठरतो, आणि ‘लिपिक आणि गृहपाल एकच धरा’ असं म्हणून रोल कमी दाखवले तर टेस्टिंगच्या मध्यावर सुधारित कोटेशन येतं आणि काम थांबतं.

चार आकडे आले: ४५,००० पासून १,३०,००० रुपयांपर्यंत, त्यावर १८ टक्के जीएसटी. सगळ्यात स्वस्त कोटेशनमध्ये रिटेस्ट (दुरुस्तीनंतरची फेरतपासणी) एकच, तोही अहवालापासून १५ दिवसांत. कराराआधी विचारायचे खरे प्रश्न असे: रिटेस्ट किती फेऱ्या धरल्यात, जास्तीच्या फेरीला किती पैसे, आणि रिटेस्टसाठी नंबर लागायला किती दिवस जातात. शेवटी ६८,००० चं कोटेशन घेतलं. जीएसटी धरून ८०,२४०. एक रिटेस्ट त्यात, पुढची फेरी १२,००० अधिक जीएसटी.

करारासोबत दोन कागद लागतात, गोपनीयतेचा करार आणि टेस्टिंगची लेखी परवानगी. परवानगी प्रणालीच्या मालकाची हवी, म्हणजे ज्या कार्यालयाची वेबसाइट आहे त्यांची, लेटरहेडवर आणि शिक्क्यानिशी. डेव्हलपरची सही चालत नाही. कारण सरळ आहे: मालकाच्या परवानगीशिवाय संगणक प्रणालीत शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली येतं, आणि कलम ६६ मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. ऑडिटर त्या पत्राशिवाय एक रिक्वेस्टसुद्धा पाठवत नाही. सही करणारे साहेब दौऱ्यावर होते, पाच दिवस त्यातच गेले. पत्राचा मसुदा वर्क ऑर्डर मिळाल्याच्या आठवड्यातच टेबलावर सरकवून ठेवा.

स्टेजिंग (१७ ते २३ जून)

टेस्टिंग चालू प्रणालीवर करत नाहीत. स्टेजिंग सर्व्हर, म्हणजे चाचणीपुरता वेगळा सर्व्हर, लागतो, आणि तो अखेरच्या सर्व्हरसारखाच हवा: तीच पीएचपीची आवृत्ती, तेच अपाचे (वेब सर्व्हरचं सॉफ्टवेअर), तीच सेटिंग्ज. डेटा खोटा. खऱ्या विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक आणि जातीचे दाखले ‘फक्त टेस्टिंगपुरते’ कॉपी करणं ही स्वतःच एक गळती आहे. प्रत्येक रोलची दोन-दोन खाती तयार करून द्यावी लागतात. एकाच्या खात्यातून दुसऱ्याचं काही दिसतं का, हे बघायचं असतं. जिल्हा कार्यालयाची खाती दोन वेगळ्या जिल्ह्यांची द्या.

ऑडिटरचा स्कॅनर (आपोआप चुका शोधणारं सॉफ्टवेअर) प्रत्येक फॉर्म शेकडो वेळा भरतो, हे कागदावर माहीत असतं. तरी स्टेजिंगला खरा एसएमएस गेटवे जोडलेला राहिला. पहिल्या रात्रीत ३,१०० एसएमएस गेले. १८ पैशांच्या दराने साडेपाचशे रुपयांचंच नुकसान, पण ज्या नंबरांवर ते गेले ते कुणाचे होते हा प्रश्न उरलाच. गेटवे बंद ठेवा, मेल एखाद्या टेस्ट मेलबॉक्सकडे वळवा, डेटाबेसचा बॅकअप घ्या. ओटीपी ठरावीक ठेवायचा असेल तर तो कॉन्फिगरेशन फाइलमध्ये ठेवा, कोडमध्ये नको. कोडमधला ‘१२३४५६’ पुढे खऱ्या सर्व्हरवर जातोच जातो.

टेस्टिंग आणि अहवाल (२४ जून ते ८ जुलै)

आठ कामाचे दिवस टेस्टिंग चाललं, पुढे पाच दिवसांनी अहवाल आला. पासवर्ड लावलेली ६१ पानांची पीडीएफ. पहिल्या पानावरचा रंगीत तक्ता बघून पोटात गोळा येतो, तो यायचाच: क्रिटिकल १, हाय ५, मीडियम ७, लो ६. एकूण १९.

रंगांमागे सीव्हीएसएस या गंभीरता मोजायच्या पद्धतीचे गुण असतात, शून्य ते दहा. ९ आणि त्यावर क्रिटिकल, ७ ते ८.९ हाय, ४ ते ६.९ मीडियम, त्याखाली लो. प्रमाणपत्रासाठी साधारणपणे क्रिटिकल, हाय आणि मीडियम बंद व्हावेच लागतात; आमच्या ऑडिटरने लोसुद्धा बंद करायला सांगितले. प्रत्येक फाइंडिंगखाली (सापडलेल्या त्रुटीखाली) पानाचा पत्ता, स्क्रीनशॉट, पुन्हा करून बघायच्या पायऱ्या आणि उपाय दिलेला असतो.

आणि इथेच बहुतेकांची गाडी घसरते. अहवालात जो पत्ता असतो तो नमुना असतो. एका पानावर एसक्यूएल इंजेक्शन (वापरकर्त्याच्या मजकुरातून डेटाबेसला आज्ञा घुसवता येणं) सापडलं की ऑडिटर तीच चूक उरलेल्या ४५ पानांवर शोधत बसत नाही. तुम्ही तेवढं एक पान दुरुस्त करून पाठवता, रिटेस्टमध्ये तो शेजारचं पान उघडतो. ‘आधी का नाही सांगितलं’ म्हणून वाद घालण्यात अर्थ नसतो, ‘प्रणालीत सर्वत्र तपासावे’ असं वाक्य प्रत्येक उपायाखाली छापलेलं असतं.

ब्रिटनच्या टॉकटॉक या दूरसंचार कंपनीचं २०१५ मधलं प्रकरण याच जातीचं. जुन्या, दुसऱ्या कंपनीकडून वारशाने आलेल्या तीन वेबपानांत एसक्यूएल इंजेक्शन होतं. ती पानं अजून चालू आहेत हेच कुणाच्या ध्यानात नव्हतं. १,५६,९५९ ग्राहकांची माहिती गेली आणि पुढच्या वर्षी माहिती आयुक्तांनी चार लाख पौंडांचा दंड ठोठावला. म्हणून अहवाल आल्यावर पहिलं काम कोडला हात लावायचं नाही. सर्व्हरवर प्रत्यक्षात कोणत्या फाइली आहेत त्यांची यादी काढायची. आमच्या सर्व्हरवर ४६ स्क्रीनसाठी ७१ पीएचपी फाइली निघाल्या. जास्तीच्या २५ मधल्या काही इन्क्लुड (दुसऱ्या फाइलींनी आत ओढायच्या) होत्या, नऊ तर ‘जुना’, ‘बॅकअप’, ‘टेस्ट२’ अशा नावांच्या, कुणीच न वापरणाऱ्या. त्या नऊ पुसल्या.

दुरुस्ती (८ ते २५ जुलै)

क्रिटिकल होतं एसक्यूएल इंजेक्शन, आणि ते अशा ठिकाणी जिथे कुणी बघत नाही. लॉगिनसारख्या जागी प्रिपेअर्ड स्टेटमेंट (डेटाबेसच्या क्वेरीचा साचा आधी ठरवून मूल्य वेगळं देणं) होतीच. भोक होतं यादीच्या रकान्यावर क्लिक करून क्रम लावायच्या सोयीत. प्रिपेअर्ड स्टेटमेंटच्या प्रश्नचिन्हात फक्त मूल्य बसतं. रकान्याचं नाव किंवा चढता-उतरता क्रम बसत नाही. त्यामुळे तिथे वेबपत्त्यातून (यूआरएल) आलेला शब्द सरळ क्वेरीला चिकटवलेला होता. उपाय म्हणजे परवानगीची यादी: पत्त्यात ‘१’ आलं तर नाव, ‘२’ आलं तर तारीख, यादीबाहेरचं काहीही आलं तर ठरलेला क्रम. युजरकडून आलेला शब्द क्वेरीपर्यंत पोचताच कामा नये. एका पानावर किती नोंदी दिसाव्यात हे ठरवणाऱ्या लिमिटमध्येही अशीच एक अडचण येते. पीडीओ (पीएचपीला डेटाबेसशी जोडणारा भाग) मायएसक्यूएलसाठी मुळात प्रिपेअर्ड स्टेटमेंटची नक्कल करतो आणि आकड्याला अवतरणचिन्हं लावून टाकतो, क्वेरी फुटते, मग वैतागून लोक पुन्हा जोडाजोडीवर येतात. मूल्य बांधताना ते पूर्णांक आहे असं सांगितलं की काम होतं.

एक उपाय मात्र कुणी सुचवला तरी करू नका: इनपुटमधून अवतरणचिन्ह काढून टाकणं. वसईच्या डि’सोझा आणि डि’मेलोंचं इंग्रजीत नाव भरताना ते चिन्ह लागतं. ते काढलं की दाखल्यावरचं नाव आणि अर्जावरचं नाव जुळत नाही, आणि भोकही पूर्ण बुजत नाही. नावात फक्त अक्षरं चालतील असा नियम मराठी नावांवर लावताना तर आणखी गंमत. युनिकोडच्या दृष्टीने ‘क’ हे अक्षर, पण काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडायचं चिन्ह ही ‘चिन्हं’, वेगळा गट. फक्त अक्षरांचा गट ठेवला तर ‘कमल’ पास होते आणि ‘सुनीता’ नापास. दोन्ही गट घेतले तरी काही कीबोर्ड ‘कऱ्हाडे’मधला चंद्रकोरीसारखा र लिहिताना मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह टाकतात, ते या दोन्ही गटांत नाही. ते वेगळं मोजून परवानगीत घ्यावं लागतं.

हायमधलं पहिलं होतं पावतीचं पान. वेबपत्त्यात आयडी १०४७, तो १०४८ केला की दुसऱ्या मुलीची पावती: नाव, पत्ता, मोबाइल, बँक खातं. याला आयडॉर म्हणतात. ओवॅस्प या वेब सुरक्षा संस्थेच्या २०२१ च्या यादीत ‘ब्रोकन अ‍ॅक्सेस कंट्रोल’ (कुणी काय बघावं याची तपासणी तुटलेली) हा गट पाचव्यावरून पहिल्या क्रमांकावर आला, तो याच आणि अशाच चुकांमुळे. स्कॅनरला ही चूक सहसा दिसत नाही. पान २०० (‘सगळं ठीक’ हा कोड) देतं, सगळं व्यवस्थित दिसतं; ती पावती कुणाची असायला हवी होती हे यंत्राला कसं कळणार? पण दोन खाती आणि दोन ब्राउझर असतील तर ती शोधायला कुणा ऑडिटरची गरज नाही. एका खात्यातून प्रत्येक पानाचा पत्ता कॉपी करायचा, दुसऱ्या खात्यात चिकटवायचा, वहीत टिक करायची. ४६ स्क्रीन आणि पाच रोल, एका माणसाला दीड दिवस लागतो. हे ऑडिटच्या आधी केलं असतं तर हे हाय फाइंडिंग अहवालात आलंच नसतं.

दुरुस्ती एका ओळीची आहे: क्वेरीत अर्जाच्या आयडीसोबत सेशनमधल्या, म्हणजे लॉगिन झालेल्या, विद्यार्थ्याचा आयडीही अट म्हणून घालायचा. लिपिकासाठी त्याचं वसतिगृह, जिल्हा कार्यालयासाठी त्याचा जिल्हा. आयडीच्या जागी लांबलचक यादृच्छिक आकडा वापरल्याने अंदाज करणं अवघड होतं, पण तो पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड झाला की पुन्हा तेच. मेनूतून बटण लपवणं म्हणजे तर दार उघडं ठेवून पाटी काढून नेणं.

स्टोअर्ड एक्सएसएस (साठवलेल्या मजकुरातून दुसऱ्याच्या ब्राउझरमध्ये कोड चालणं) घरच्या पत्त्याच्या रकान्यात निघालं. विद्यार्थ्याने पत्त्यात स्क्रिप्ट टॅग लिहिला तर तो त्याच्या स्क्रीनवर निरुपद्रवी दिसायचा, पण गृहपालाच्या यादीत तो चालायचा, गृहपालाच्या अधिकारांनी. बाहेर छापताना एस्केप करणं (खास चिन्हं निरुपद्रवी करून छापणं) हा उपाय, आणि तो छापण्याच्या जागेनुसार बदलतो. एचटीएमएलच्या मजकुरात पीएचपीचं नेहमीचं फंक्शन पुरतं. तेच मूल्य जावास्क्रिप्टच्या व्हेरिएबलमध्ये टाकलं असेल तर ते पुरत नाही, तिथे जेसन एन्कोड करून कोनी कंसही बदलायला सांगावे लागतात. लिंकच्या पत्त्यात तर मूल्य एचटीटीपीएसने सुरू होतंय ना हेच तपासायला हवं. डेटाबेसमध्ये साठवतानाच एस्केप करायचा मोह होतो. केलं की पुढे एसएमएसमध्ये आणि एक्सेलमध्ये विचित्र खुणा छापून येतात.

फोटो अपलोडमध्ये तपासणी होती ती ब्राउझरने सांगितलेल्या प्रकाराची. ब्राउझर सांगेल ते खरं, असं धरून चालत नाही. मध्ये प्रॉक्सी (रिक्वेस्ट अडवून बदलणारं साधन) लावून तो शब्द बदलायला अर्धा मिनिट लागतो. शिवाय अपाचेची हँडलर जोडण्याची एक जुनी पद्धत अशी आहे की फाइलच्या नावात कुठेही पीएचपी हे एक्स्टेन्शन आलं की ती फाइल चालवली जाते, शेवटी जेपीजी असलं तरी. आम्ही केलं ते असं: फाइलचे सुरुवातीचे बाइट बघून प्रकार ठरवला, चित्र जीडीने, म्हणजे पीएचपीच्या चित्रांच्या साधनाने, नव्याने काढून साठवलं (फोटोतलं जीपीएस ठिकाण आणि बहुतेक वेळा आत दडवलेला कोडही त्यात गळून पडतो), नाव यादृच्छिक दिलं, फोल्डर वेब रूटच्या (ब्राउझरला थेट पोचता येणाऱ्या फोल्डरच्या) बाहेर नेलं आणि फाइल द्यायचं काम एका स्क्रिप्टकडे सोपवलं. ती स्क्रिप्ट मालकी तपासते. एसव्हीजी चित्रांना बंदी, कारण त्यात स्क्रिप्ट मावते.

ओटीपी चार आकडी होता आणि प्रयत्नांना मर्यादा नव्हती. दहा हजार शक्यता, सेकंदाला वीस प्रयत्न, म्हणजे साधारण सव्वाआठ मिनिटांत सगळे संपतात. सहा आकडी केला, वैधता पाच मिनिटं, पाच चुकांनंतर ओटीपी रद्द, आणि पुन्हा पाठवायलाही तासाला पाचची मर्यादा. यात दोन दिवस कुठे गेले? एसएमएसच्या मजकुरात ‘५ मिनिटांसाठी वैध’ हे शब्द वाढवले, आणि डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएसचे मजकूर नोंदवायची यंत्रणा) नोंदवलेल्या टेम्प्लेटशी मजकूर जुळेना म्हणून मेसेजच पोचेनात. टेम्प्लेट आधी मंजूर करून घ्या, मग कोड बदला.

पाचवं हाय म्हणजे वेब रूटमध्ये राहून गेलेलं गिटचं (कोडच्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) फोल्डर. त्यातून सगळा कोड आणि त्याचा इतिहास खाली उतरवता येतो. त्या इतिहासात दोन वर्षांपूर्वीचा डेटाबेस पासवर्ड होता, जो अजून तोच होता. फोल्डर काढणं ही निम्मी दुरुस्ती. पासवर्ड, एसएमएस गेटवेची किल्ली, मेलचा पासवर्ड, सगळं बदललं.

मीडियममध्ये एमडी५ या जुन्या, कमकुवत हॅशने (मूळ शब्दाचा ठसा काढायची पद्धत) साठवलेले पासवर्ड होते. सगळ्यांना पासवर्ड बदलायला लावायची गरज नसते. आहे त्या एमडी५ वरच बीक्रिप्ट (पासवर्डसाठीचा मजबूत हॅश) चढवायचं, आणि पुढच्या यशस्वी लॉगिनला मूळ पासवर्डाचं बीक्रिप्ट करून जुनं फेकायचं. त्याचबरोबर ‘पासवर्ड नेटवर्कवरून उघडा जातो’ हे फाइंडिंगही होतं. टीएलएस (एचटीटीपीएसमागचं एन्क्रिप्शन) असताना ब्राउझरमध्ये पुन्हा एन्क्रिप्ट करण्याचा फायदा माझ्या मते जवळजवळ शून्य आहे. पण इथल्या ऑडिटमध्ये हे हटकून येतं, आणि वाद घालायला चार दिवस लागतात तर करून टाकायला एक. फक्त ब्राउझरमध्ये हॅश करून तोच हॅश डेटाबेसशी ताडू नका. मग तो हॅशच पासवर्ड होतो आणि बीक्रिप्टही वापरता येत नाही. सर्व्हरच्या सार्वजनिक किल्लीने आरएसएत गुंडाळून पाठवा, सर्व्हरवर उघडा, पुढचं नेहमीसारखं.

उरलेली भराभर आटपली. लॉगिन झाल्यावर सेशनचा आयडी नवा करणं. लॉगआउटला सेशन सर्व्हरवरूनही मोडणं. कुकीला एचटीटीपी-ओन्ली, सिक्युअर आणि सेमसाइट ही बंधनं. प्रत्येक फॉर्मला सीएसआरएफ टोकन (दुसऱ्या साइटवरून फॉर्म पाठवला जाऊ नये म्हणून). कॅप्चा एकदा तपासला की सेशनमधून पुसायचा, नाहीतर तेच उत्तर हजार वेळा चालतं. टीएलएस १.० आणि १.१ बंद. एचएसटीएसमध्ये (ब्राउझरला फक्त एचटीटीपीएस वापरायला लावणाऱ्या हेडरमध्ये) सबडोमेनही धरायचा पर्याय उघड्या डोळ्यांनी टाका, त्याच डोमेनवरची दुसरी एखादी जुनी साइट अजून एचटीटीपीवर असेल तर ती ब्राउझरमध्ये उघडायची थांबते आणि फोन तुम्हाला येतात.

जेक्वेरी (जावास्क्रिप्टची लायब्ररी) १.१२.४ वरून ३.५ च्या पुढे नेणं हे ‘मीडियम’ लिहिलं असलं तरी तीन दिवसांचं काम निघालं. २०२० मध्ये ३.५.० मध्ये एक्सएसएसची भोकं बुजवली गेली, पण १.१२ आणि ३ यांच्यामध्ये काही जुन्या पद्धती काढून टाकल्या आहेत आणि तारखेचं प्लगइन त्यांच्यावरच उभं होतं. जेक्वेरी मायग्रेट जोडून कन्सोलमधल्या सूचना वाचत जायचं, सगळ्या संपल्या की ते काढायचं. पीएचपी ७.४ चा आधार २८ नोव्हेंबर २०२२ लाच संपलेला, तीही आवृत्ती याच पंधरवड्यात बदलली.

रिटेस्ट (२५ जुलै ते १२ ऑगस्ट)

दुरुस्ती पाठवताना एक तक्ता जोडा: फाइंडिंग, काय बदललं, कोणत्या फाइली, कुठे कुठे तीच चूक शोधली. ऑडिटरचा वेळ वाचतो आणि फोनाफोनी कमी होते. रिटेस्टचा निकाल एका आठवड्याने, १ ऑगस्टला आला. १५ बंद, ४ उघडी, २ नवी.

उघड्या चारांत आयडॉर होतं. पावती बंद केली होती, पण त्याच पावतीचं ‘प्रिंट’ पान आणि जिल्ह्याची एक्सेल यादी तशीच. एक्सएसएस एसएमएसच्या नोंदींच्या स्क्रीनवर उरलं होतं, तो स्क्रीन फक्त अ‍ॅडमिनला दिसतो म्हणून सोडला होता, आणि हल्ला करणाऱ्याला हवा असतो तो नेमका अ‍ॅडमिनच. जुन्या जेक्वेरीची एक प्रत प्लगइनच्या फोल्डरात पडून होती. चौथं सीएसपी हेडर (पानात कोणती स्क्रिप्ट चालेल ते सांगणारं): ‘अनसेफ इनलाइन’ ठेवलं होतं, कारण पानांत विखुरलेल्या १४० ऑनक्लिक होत्या. त्या एका फाइलीत हलवण्यावाचून दुसरा इलाज नव्हता.

नवी दोन जास्त बोलकी. एक्सेल यादीत नाव ‘बरोबर’च्या (=) चिन्हाने सुरू झालं तर एक्सेल त्याला सूत्र समजतं, अशा मूल्याच्या आधी एक अवतरणचिन्ह टाकावं लागतं. दुसरं आम्हीच निर्माण केलेलं. पाच चुकांनंतर आम्ही ओटीपीसोबत खातंही २४ तास बंद करत होतो. म्हणजे मैत्रिणीचा मोबाइल नंबर माहीत असलेली कुणीही मुलगी शेवटच्या तारखेला तिला अर्ज भरू देणार नाही. खातं बंद करणं काढलं, त्याऐवजी पुढच्या ओटीपीसाठीचा विराम वाढवत नेला: एक मिनिट, पाच, पंधरा.

६ ऑगस्टला पुन्हा पाठवलं, जास्तीच्या फेरीचे १४,१६० भरले. १२ तारखेला सगळी बंद. एकूण खर्च ९४,४०० रुपये, मनुष्यदिवस वेगळे.

प्रमाणपत्र आणि होस्टिंग (१४ ऑगस्टनंतर)

प्रमाणपत्र एक पानाचं असतं. त्यावर स्टेजिंगचा पत्ता, ऑडिटचा कालावधी, वैधता (एक वर्ष, किंवा कोड बदलेपर्यंत, जे आधी असेल ते) आणि तपासलेल्या कोडचा एसएचए-२५६ हॅश (कोडचा ठसा, एक बाइट बदलला तरी तो बदलतो). पत्ता, प्रणालीचं नाव, आवृत्ती नीट वाचून मगच स्वीकारा. एका अक्षराच्या दुरुस्तीला जोडून सुट्ट्या आल्या तर चार दिवस जातात.

१८ ऑगस्टला डेटा सेंटरमध्ये हॅश जुळला नाही. कोड तोच, एक अक्षरही बदललेलं नव्हतं. कारण निघालं ओळीच्या शेवटात: झिप तयार केली ती विंडोजच्या लॅपटॉपवर, गिटने फाइली उतरवताना लिनक्सचे ओळसंपीचे बाइट विंडोजच्या पद्धतीचे करून टाकले. डोळ्यांना दोन्ही सारखंच, हॅशला नाही. ऑडिटरला दिलेली झिप जशीच्या तशी जपून ठेवा आणि तीच चढवा.

चढवताना कॉन्फिगरेशनमधला डीबग बंद, ठरावीक ओटीपी बंद, स्टेजिंगची खाती पुसलेली, हे तिघांनी वेगवेगळं तपासलं. लॉग १८० दिवस भारतातच राहतील अशी सोय केली, सर्व्हरचं घड्याळ एनटीपीला (नेटवर्कवरच्या प्रमाण वेळेला) जुळवलं. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत हे दोन्ही आहे. त्याच निर्देशांप्रमाणे सुरक्षेची घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते, म्हणून कळवणाऱ्या माणसाचं नाव आणि नंबर कार्यालयाकडून लेखी घेऊन ठेवला. लॉगमध्ये कोण, केव्हा, कोणत्या आयपीवरून, काय केलं एवढं. पासवर्ड, ओटीपी, आधार नाही.

२१ ऑगस्टला कार्यालयातून फोन आला: अर्जात अपंगत्वाचा दाखला अपलोड करायचं एक फील्ड वाढवायचं आहे. कोड बदलला की प्रमाणपत्राची वैधता जाते, म्हणून आधी ऑडिटरला मेल केला. बदललेल्या भागापुरती तपासणी, ९,००० अधिक जीएसटी, पाच कामाचे दिवस. परवानगीचं पत्र नवीन लागेल.